उजव्या बाजूचं मागचं चाक

लुमीरनं फोन स्पीकरवर टाकला, साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला आणि पावाला लोणी लावायला घेतलं. फोनमधून व्हायोलिन वाजत होतं. तीन आठवडे तो हेच व्हायोलिन ऐकत होता. मधूनमधून एक बाई येऊन ‘तुमचा फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे’ एवढं सांगून जायची, की पुन्हा व्हायोलिन.

“ही बाई टेपवरची आहे,” लुमीर म्हणाला. “हाडामांसाची असती तर एव्हाना तिलाच लाज वाटली असती.”

“लोणी पुरे. डॉक्टरांनी काय सांगितलंय?”

“डॉक्टरांनी व्हायोलिनबद्दल काहीच सांगितलं नव्हतं.”

त्याची बायको आर्डिस खिडकीशी बसली होती. कॅम्पग्राउंडवर समोरच्या जागेवरचं जोडपं आपला राहायचा ट्रेलर गाडीला जोडत होतं. इथं रोज सकाळी दोन-तीन घरं अशी चाकांवर बसून पश्चिमेला निघून जायची, आणि आर्डिस प्रत्येकाला हात करायची. आज नववा दिवस. आता तिला स्वतःलाच वाटायला लागलं होतं, की आपल्याला कॅम्पग्राउंडवाल्यांनी हात करायला पगारी ठेवलंय.

एप्रिलमध्ये त्यांनी हा ट्रेलर नवाकोरा घेतला होता. आतला डिंकाचा वास अजून गेला नव्हता. लुमीरनं नेब्रास्कातल्या त्यांच्या गावी, शेतकऱ्यांच्या सोसायटीच्या गोदामात चौतीस वर्षं धान्याचे ट्रक वजन करून घेतले. काट्यावर त्याचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. त्या चौतीस वर्षांत आर्डिसनं एकच मागणं मागितलं होतं, समुद्र दाखव. कधी गव्हाची कापणी आडवी आली, कधी मक्याची, मग बर्फ. “समुद्र काय पळून जातोय?” असं तो दरवर्षी म्हणायचा आणि समुद्रही बिचारा जागचा हलला नाही. सदुसष्टाव्या वर्षापर्यंत आर्डिसनं तो फक्त कॅलेंडरवर पाहिला होता.

निघून पाचशे मैल झाले, आणि टायर गेले तीन. पहिला गावाजवळच्या तळ्यावर जाऊन यायच्या नुसत्या चाचणीत. दुसरा नेब्रास्काची हद्द ओलांडायच्या आधी, तिथं जवळचा जादा टायर चढवला. तिसरा इथं, वायोमिंगमध्ये, कॅम्पग्राउंड चार मैलांवर राहिलं असताना. ट्रेलर बनवणाऱ्यांनी सांगितलं, टायर आमचे नाहीत, टायर कंपनीला विचारा. टायर कंपनी म्हणाली, आधी विकणाऱ्यानं तपासायला हवेत. विकणारा म्हणाला, अवश्य तपासू, ट्रेलर इकडे घेऊन या. म्हणजे तीन चाकांवर, पाचशे मैल मागे. गावातल्या दुकानात चांगले टायर होते, अर्ध्या तासाचं काम होतं. पण आता दाव्याचा निकाल लागेपर्यंत चाकांना हात लावायचा नाही, नाहीतर वॉरंटी रद्द, असं कंपनीचं म्हणणं.

लुमीरनं शुक्रवारची मुदत घातली होती. तोवर कंपनीनं चूक कबूल केली नाही, तर तो पदरचे टायर लावून सरळ मागे फिरणार होता आणि ट्रेलर त्या विकणाऱ्याच्या दारात नेऊन उभा करणार होता. “असल्या चाकांवर मी डोंगर चढणार नाही,” तो म्हणाला होता. आज बुधवार होता.

व्हायोलिन तुटलं. “नमस्कार, मी मरीसा. मिस्टर व्होंद्रा ना?”

“आवाज ओळखायला लागलात. पुढच्या नाताळला कार्ड पाठवतो.”

“तुमचा दावा पुढच्या पायरीवर गेलाय, सर. आता आम्हाला फाटलेल्या टायरच्या कडांचे फोटो हवेत. तिन्ही टायरचे, जवळून, उजेडात.”

“आधी नंबरांचे फोटो मागितलेत, ते दिले. मग वजनाची पावती मागितलीत. मी सगळा ट्रेलर काट्यावर चढवला, वजन मर्यादेच्या आत, तीही दिली. हे सगळं एकदाच मागता आलं नसतं?”

“सर, मी फक्त यादी वाचते.”

“यादीच्या शेवटी काय आहे, ते वाचा की.”

पलीकडे मरीसा हसली असावी. मग तिला आठवलं असावं की यादीत हसणं नाही. “फोटो आले की दोन दिवसांत निर्णय, सर.”

लुमीरनं फोन ठेवला आणि कॉफीकडे हात नेला. बोटं कपाच्या कडेवर आपटली, घोटभर कॉफी टेबलावर सांडली. “मेलं हे टेबलच वाकडं बसवलंय,” तो म्हणाला.

आर्डिसनं फडकं फिरवलं. फोटो तिनंच काढायचे होते. लुमीरनं काढलेल्या फोटोत टायर कमी आणि त्याचा अंगठा जास्त यायचा.

फाटलेले तिन्ही टायर लुमीरनं पिकअपच्या मागच्या हौद्यात जपून ठेवले होते. आर्डिसनं मागची फळी पाडली आणि एकेक टायर कडेला ओढला. शेजारच्या ट्रेलरसमोर मर्ल घडीच्या खुर्चीत बसला होता. प्रत्येक कॅम्पग्राउंडवर उंटावरून शेळ्या हाकणारा एक असतोच. इथं हे काम मर्लकडे होतं.

“कारखान्यातून येतात ना, ते टायर दुकानापासून घरापर्यंत पोचण्यापुरतेच असतात,” तो बसल्या जागेवरून म्हणाला. “त्यापुढं जायचं तर देवानं पाय दिलेत.”

“तू तुझे पाय कधी वापरतोस ते मला दिसलं नाही अजून.”

आतून त्याची बायको पॅट खळखळून हसली. मर्लनं टोपी डोळ्यांवर ओढली.

आर्डिसनं पहिल्या टायरची कड फोटोत घेतली. नीट दिसावी म्हणून चित्र बोटांनी मोठं केलं. काळ्या रबरावर वाकडा खरवडा होता आणि खरवड्यात पिवळं काहीतरी बसलं होतं. तिनं नखानं उकरून पाहिलं. रंग होता. तिनं दुसरा टायर वळवला. तिथंही खरवडा, तिथंही पिवळं. तिसऱ्यावर तर बोटभर रुंद पट्टा.

पेट्रोल पंपांच्या वळणावरचे काँक्रीटचे कठडे असेच पिवळे रंगवलेले असतात, चालकाला लांबून दिसावेत म्हणून.

तिनं फोन खिशात टाकला. मग ट्रेलरच्या उजव्या बाजूला जाऊन खाली वाकली. मागचं चाक काढलेलंच होतं. पुढचं अजून शाबूत होतं, पण त्याच्या कडेलाही पिवळं लागलं होतं. ती वळसा घालून डावीकडे गेली. डावीकडची दोन्ही चाकं कोरी करकरीत होती, दुकानातून आजच आणल्यासारखी.

तिन्ही टायर उजव्या बाजूच्या मागच्या चाकाचेच होते. हे तिला माहीत होतं. लुमीरलाही माहीत होतं. कंपनीला पाठवलेल्या प्रत्येक कागदावर त्यानं स्वतःच्या हातानं लिहिलं होतं. ‘उजवीकडच्या आसातच काहीतरी खोट आहे’ असा त्याचा सिद्धांत होता. उजवीकडे वळताना ट्रेलर धाडकन उचलला जायचा, तेव्हा तो म्हणायचा, “काय रस्ते ठेवलेत, बघ.” तीही म्हणायची, खरंच, काय रस्ते.

कॉफीचा कप त्याच्या उजव्या हाताला असायचा. ट्रेलरच्या दाराच्या चौकटीवर आपटून आपटून त्याचा उजवा खांदा हिरवानिळा झाला होता, आणि त्यावर आर्डिसनं स्वतः थट्टा केली होती, की दार तुझ्या मापानं शिवून घ्यायला हवं. परवा सगळ्यांनी मिळून जेवण केलं, तेव्हा पॅट त्याच्या उजवीकडे बटाट्याचं भांडं धरून कितीतरी वेळ उभी राहिली होती. त्यानं वळूनही पाहिलं नाही. पॅटला वाटलं, बटाटे आवडत नसतील. मागच्या हिवाळ्यात तो डोळ्यांच्या डॉक्टरकडे एकटाच जाऊन आला होता. काय म्हणाले, असं तिनं विचारलं तर “म्हातारे झालेत म्हणाले, आणखी काय,” एवढंच सांगून तो अंगणातलं बर्फ उपसायला गेला होता.

तिला कंपनीची फसवणूक वगैरे काही सुचलं नाही. तिच्या कानात मरीसाचा आवाज आला. साखरेच्या डब्याला टेकलेला फोन, आणि त्यातून यादी वाचावी तसा तो आवाज: कठड्याला घासून नुकसान, चालकाची चूक.

हौद्याच्या कोपऱ्यात लुमीरची रंग काढायच्या तेलाची बाटली होती. आर्डिसनं पांढरं फडकं भिजवलं आणि एकेक टायर पुसायला घेतला.

“मेलेले टायर आंघोळ घालून पाठवायचे असतात होय?” मर्लनं टोपीखालून विचारलं.

“लांबच्या प्रवासाला निघालेत. तू झोप.”

रंग निघाला. खरवडे राहिले. तिनं फोटो काढले, पाहिले, आणि पाठवले मात्र नाहीत.

“गेले फोटो?” ती आत आल्यावर लुमीरनं विचारलं.

“रेंज नाही. संध्याकाळी पाठवते.”

दुपारनंतर वारा सुटला. हौद्यावर ताडपत्री बांधायला लुमीर बाहेर गेला. आर्डिस सिंकपाशी बटाटे सोलत होती. खिडकीतून तिला दिसलं, की ताडपत्री तशीच खाली पडलीय आणि त्याच्या हातात ते फडकं आहे. टायरच्या आत ते कोंबून ठेवायचं तिला सुचलं होतं. कॅम्पग्राउंडच्या कचऱ्यात टाकायचं सुचलं नव्हतं. त्यानं फडकं नाकाशी नेलं. मग उलगडलं. पिवळा डाग त्यानं बराच वेळ बघितला, आधी एका डोळ्यानं, मग मान फिरवून दुसऱ्यानं.

नंतर त्यानं वरच्या टायरच्या कडेवर अंगठा टेकवला आणि तो हळूहळू गोल फिरवत नेला. एका जागी अंगठा थांबला. तो ट्रेलरच्या उजव्या बाजूला गेला, खाली बसला. मग डाव्या बाजूला गेला. इतका वेळ त्या बाजूला बघण्यासारखं काहीच नव्हतं. आर्डिसच्या हातातला बटाटा सोलून सोलून सुपारीएवढा झाला.

आत येऊन त्यानं हात धुतले. खूप वेळ धुतले. जेवताना तो म्हणाला, की बटाटे कमी वाटतात. मग म्हणाला,

“ते फोटो.”

“अजून नाही गेले.”

“राहू दे.”

सकाळी त्यानं फोन लावला. पाऊण तास व्हायोलिन वाजलं, आणि या वेळी त्यानं टेपवरच्या बाईला एक शब्दही ऐकवला नाही. आर्डिस त्याच्या उजवीकडे बसून बाहीची सुटलेली शिवण घालत होती.

“मिस्टर व्होंद्रा, फोटो अजून आलेले नाहीत,” मरीसा म्हणाली.

“येणार नाहीत. तक्रार बंद करा.”

“बंद?” कागद चाळल्यासारखा आवाज आला. “सर, त्याला कारण लिहावं लागतं. ‘ग्राहकाचं समाधान झालं’, ‘वस्तू परत केली’, किंवा ‘इतर’.”

“इतर.”

“इतरमध्ये काय लिहू?”

लुमीरनं मान फिरवली. नुसते डोळे नाहीत, सगळी मान, हनुवटी खांद्यापर्यंत आणून, आर्डिस दिसेपर्यंत. तिची सुई थांबली होती.

“लिहा, टायर चांगले होते.”

मरीसानं पान उलटलं. तिच्या यादीत याच्यापुढं काही नसावं. “तुम्ही ठीक आहात ना, सर?” तिनं शेवटी विचारलं.

“ठीक आहे, पोरी. तीन आठवडे तुला उगाच पिडलं, ते मनावर घेऊ नकोस.”

दुपारपर्यंत गावातल्या दुकानातला माणूस येऊन उजवीकडे दोन नवे टायर चढवून गेला. लुमीरनं नट घट्ट झालेत का ते पाना हातात धरून स्वतः तपासलं. आर्डिसनं खुर्च्या आत घेतल्या, कपाटांच्या कड्या लावल्या, उरलेले कोलाचे, जर्दाळू भरलेले गोड पाव, पॅटला देऊन आली. कुठं निघालोय, हे त्यानं सांगितलं नाही. तिनं विचारलं नाही.

मागचे दिवे लागतात का ते पाहून ती पिकअपच्या उजव्या दाराशी आली, तर तिच्या जागेवर लुमीर बसला होता. पट्टा लावलेला, नकाशा मांडीवर.

ती तशीच वळसा घालून डावीकडे गेली. आसन पुढं सरकवलेलं होतं. पाय नीट पोचले. दोन्ही आरसे तिच्या उंचीला लावलेले होते, आणि उजव्या आरशात ट्रेलरची बाजू पार मागच्या चाकापर्यंत दिसत होती.

“आर्डिस चालवणार?” मर्ल खुर्चीतून अर्धवट उठला. दहा दिवसांत पहिल्यांदाच.

“चौदाव्या वर्षापासून बापाचा गव्हाचा ट्रक चालवायची ती,” लुमीर खिडकीतून म्हणाला. “काट्यावर अशी सरळ आणून लावायची, की मी तिच्याशी लग्नच केलं.”

“हे मला कधी सांगितलं नाहीस,” आर्डिस म्हणाली.

“पुढं बघ. मोठं वळण घे.”

तिनं मोठं वळण घेतलं, वाजवीपेक्षा मोठं. पॅटनं हात केला. कॅम्पग्राउंडचं फाटक ओलांडून गाडी हमरस्त्याच्या तोंडाशी आली. उजवीकडे नेब्रास्का, घर. डावीकडे रस्ता डोंगरांत शिरत होता. आर्डिसनं डावा दिवा लावला. त्याची टिकटिक गाडीभर ऐकू येत होती. लुमीरनं ती ऐकली आणि मांडीवरच्या नकाशाची घडी उलटी घातली, पश्चिम वर येईल अशी.

“तुझ्या बाजूनं मोकळं आहे?” तिनं विचारलं.

त्यानं काचेवर हात टेकून सगळं अंग उजवीकडे वळवलं आणि पाहत राहिला.

“थांब,” तो म्हणाला.

एक गुरांचा ट्रक भर्रकन गेला. गाडी त्या वाऱ्यानं हलली. तो अजून तसाच वळलेला होता.

“थांब हं,” तो म्हणाला. “पुन्हा एकदा बघू दे.”