मिठाचं पाणी

“वहिनी, मीठ अजून टाका! एवढ्याने काय होतंय?” शेजारचे टायरवाले शिवाजीराव दारातून ओरडले.

उषाताईंनी पेल्यातल्या पाण्यात आणखी एक चमचा मीठ टाकलं. समोर पायरीवर त्यांचे पती जगदेवराव खोकत बसले होते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, सदरा पेट्रोलने भिजून छातीला चिकटला होता.

गोरखी वाड्याच्या मागच्या गल्लीत ते वर्षानुवर्षं दुचाक्या दुरुस्त करत. टाकी रिकामी करायची तर नळीचं एक टोक टाकीत, दुसरं तोंडात. एक ओढ, आणि पेट्रोल जिभेला लागायच्या आत नळीवर अंगठा. एकही थेंब तोंडात जात नाही, हे ते गिऱ्हाइकांना कौतुकाने दाखवत. आज नेमकं त्याच वेळी गिऱ्हाइकाने काहीतरी विचारलं, आणि उत्तर द्यायला त्यांनी श्वास घेतला.

त्यांची मुलगी हर्षिता हरिशंकरपुरम वस्तीतल्या औषधांच्या दुकानात कामाला होती. ती जेवायला घरी आली, तेव्हा पेला बाबांच्या ओठांपर्यंत पोचला होता.

“आई, थांब! उलटी नाही करवायची.”

“अगं, पोटात पेट्रोल गेलंय त्यांच्या! निकळायला नको?”

“पोटात राहू दे. वर येताना फुफ्फुसात उतरेल.”

“बिटिया,” शिवाजीराव म्हणाले, “आमच्या भाच्याने घासलेट प्यायलं होतं. असंच पाणी पाजलं, बच गया. आज पोलीसमध्ये आहे.”

“तो असा खोकत होता का, काका?”

“ते आता कुठं याद आहे!”

“दे इकडे,” जगदेवरावांनी हात पुढे केला. “आग होतेय नुसती.”

हर्षिताने हे फार्मसीच्या परीक्षेसाठी वाचलं होतं. नक्की पेट्रोलबद्दलच होतं ना? की ॲसिडबद्दल? पुस्तकाचं पान डोळ्यांसमोर येत होतं, ओळी येत नव्हत्या. बाबांचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता.

तिने आईच्या हातातून पेला ओढला आणि मोरीत उपडा केला.

“बापाला मारशील तू!” उषाताई किंचाळल्या. गल्लीतली माणसं दारात आली.

“ऑटो बोलवा, काका. जल्दी.”

ऑटोत शिवाजीराव पुढे चालकाशेजारी बसले; मागे तिने बाबांना ताठ बसवून धरलं. चालकाने बिडी पेटवायला काडी काढली.

“भैया, माचिस नहीं! कपड़ों में पेट्रोल है।”

काडी त्याच्या हातातच राहिली. बाबांच्या ओठांवर निळसर झाक यायला लागली होती. उषाताई रस्त्याकडे बघत होत्या, मुलीकडे नाही.

इस्पितळात डॉक्टरांनी ऑक्सिजन लावला, सदरा उतरवून अंग धुवायला सांगितलं आणि मग विचारलं, “उल्टी कराई क्या?”

शिवाजीराव खाली बघायला लागले.

“नहीं,” उषाताई म्हणाल्या. “इसने नहीं करने दी।”

“अच्छा किया। थोड़ा फेफड़े में गया है। उल्टी होती तो और जाता।”

दुपारभर उषाताई बाकावर बसून राहिल्या, हर्षितापासून जरा अंतर ठेवून.

संध्याकाळी डॉक्टर पुन्हा आले. एक्स-रे पाहिला, छाती ऐकली. ताप होता, पण श्वास सुधारला होता. “बच गए, दादा। अब ये काम छोड़ो। चमड़ी देखी है अपने हाथों की?”

मास्कमागून जगदेवराव काहीतरी पुटपुटले. हर्षिता वाकली.

“विचार त्यांना,” ते म्हणत होते, “काम सोडून करू काय?”

तिने त्यांचा मास्क नीट बसवला.

तेवढ्यात नर्स आली. “अम्माजी, ये कपड़ों की थैली बाहर ले जाइए। पूरा वार्ड महक रहा है।”

दोघी मायलेकी थैली घेऊन आवारात आल्या. उषाताईंनी गाठ सोडली, सदरा बाहेर काढला आणि नाकाशी धरला. मग पुन्हा धरला.

“हर्षिता, वास येतोय याला?”

“आई, इथपर्यंत येतोय. तुला नाही येत?”

असे सदरे त्यांनी लग्न झाल्यापासून रोज हातांनी धुतले होते. त्यांनी आपला तळहात नाकाशी नेऊन पाहिला; तिथंही काहीच वास नव्हता. मग सदरा थैलीत भरून त्यांनी गाठ घट्ट मारली, आणि चालताना थैली दुसऱ्या हातात घेतली, मुलीपासून लांब.