तबकातली मागणी

माझी नणंद माधवी फोनवर गोड बोलायला लागली, तेव्हाच मला वाटलं की कुठेतरी पाणी मुरतंय. लग्न होऊन ती धारला गेली, तेव्हापासून तिने मला आपणहून फोन केला तो फक्त लोणच्याचं प्रमाण विचारायला. आणि या दिवाळीत आठवड्याभरात तीनदा! "वहिनी, कशा आहात? गुडघे काय म्हणतात? दादा बरा आहे ना? झोप लागते ना त्याला?" माणसाच्या झोपेची चौकशी कोणी उगीच करतं का?

झोप खरंच लागत नव्हती. देवासच्या ज्या कारखान्यात हे इतकी वर्षं पॅकिंगचे सुपरवायझर होते, तिथली त्यांची लाइनच नव्या वर्षापासून बंद होणार होती. हे त्यांनी मला वसुबारसेला सांगितलं, मी चकलीचं पीठ मळत असताना. माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं, "तुमचंच नाव कसं आलं? काय केलंत?" यांनी सोऱ्या ओढून घेतला आणि चकल्या पाडत बसले. दुसरं वाक्यही मीच बोलले, "कोणाला सांगायचं नाही. धारला तर नाहीच नाही."

धारचं घराणं जुनं, दरबारी मानकऱ्यांचं. आता माधवीचा नवरा रणवीर विम्याच्या ऑफिसात नोकरी करतो, पण घरातला दरबार काही उठलेला नाही. तिचे सासरे भैयासाहेब अजून नोकरालासुद्धा 'यावं, बसावं' म्हणतात. आम्ही पडलो नोकरीसाठी जळगावहून आलेल्यांची पोरं. बहिणीच्या सासरी भावाची मान ताठ राहिली पाहिजे, एवढंच मला कळतं. नोकरी गेली तर घर कसं चालेल ही काळजी होतीच, पण धारला कळलं तर काय, ही तिच्याहून मोठी होती.

भाऊबीजेला आम्ही धारला गेलो. दारातच माझं लक्ष गेलं ते बैठकीतल्या काचेच्या कपाटाकडे. मागच्या वर्षी तिथे चांदीचा अत्तरदाणी-गुलाबदाणीचा जोड होता. आता तिथे बाटल्या होत्या, एकसारख्या लेबलांच्या. भांडी घासायचं लिक्विड, साबण, गुडघ्याचं तेल.

"माझंच काम आहे, वहिनी," माधवी म्हणाली. "सामान दुकानात नाही मिळत, सीधा कंपनीकडून येतं. आपण घरोघरी द्यायचं."

चेन! माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आमच्या कॉलनीतल्या अर्पितने अशीच साखळी धरली होती. आपल्याखाली माणसं जोडा, त्यांच्याखाली आणखी माणसं जोडा. त्याच्या पलंगाखाली अजून शॅम्पूची खोकी आहेत आणि तो समोरून आला की लोक गल्ली बदलतात. म्हणजे झोपेची चौकशी यासाठी होती तर. पण हिला कळलं कसं? मी यांच्याकडे पाहिलं. हे चपला काढण्यात गुंतले होते, आणि चपला काढायला इतका वेळ लागत नाही.

औक्षणाला पाट मांडला, भोवती रांगोळी. यांनी टोपी घातली. माधवीने कुंकू लावलं, सुपारी आणि अंगठी फिरवली, निरांजनाने ओवाळलं. यांचा हात खिशाकडे गेला तशी ती म्हणाली, "थांब दादा. या घरची रीत आहे ना, बहिणीने तोंडाने मागायचं? यंदा मला साडी नको, पाकीट नको. मला माणूस हवाय. माझं काम वाढलंय, देवासची बाजू बघायला भरवशाचं कोणी नाही. तू थोडा वेळ दिलास तर माझी चिंता मिटेल. आणि मी तुला कोणाला जोडायला सांगणार नाही. फक्त विकायचं. जमलं तर ठीक, नहीं तो सोडून दे."

बघा कशी रचना! नोकरीचा शब्द नाही, मदतीचा शब्द नाही. देणारी हीच, आणि उपकार म्हणे आमचे. तेही सणाच्या दिवशी, निरांजन तेवत असताना, भैयासाहेबांसमोर, म्हणजे भावाला नाही म्हणायची सोयच नाही. माझं डोकं सणकलं.

"माधवी, ओवाळणीत साडी मागतात, भाऊ नाही मागत," मी म्हणाले. "आणि यांना वेळ आहे कुठे? कंपनी सोडते का यांना? मागच्या महिन्यात दोनदा पीथमपूरच्या प्लांटवर पाठवलं, इतकी गरज आहे यांची."

माधवीने यांच्याकडे पाहिलं. यांनी निरांजनाकडे पाहिलं. मी पिशवीतून आणलेली साडी काढली, तबकात ठेवली आणि विषय संपवला. जिंकल्यासारखं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मग पानं वाढली. पुऱ्या, बटाट्याची भाजी, बासुंदी. त्या घरात भैयासाहेबांनी पहिला घास घेतल्याशिवाय कोणी पानाला हात लावत नाही. त्यांनी चित्राहुती घातली, हात उचलला आणि तसाच धरून माझ्याकडे वळले.

"वहिनीसाहेब, क्षणभर थांबावं. आपल्या घरून जे तेल आलं, त्यानं आमच्या गुडघ्यांना फार आराम पडला. आपले यजमान शरदराव मागच्या महिन्यात दोनदा स्वतः येऊन देऊन गेले. पण घरातून वस्तू येते ती घरच्या लक्ष्मीच्या हातची. तिचे आभार मानल्याविना आम्ही जेवत नसतो."

माधवीला ठसका लागला. रणवीर पाण्याचा तांब्या शोधू लागला. तांब्या त्याच्या पुढ्यातच होता.

दोनदा. मागच्या महिन्यात. मी आत्ताच ज्या पीथमपूरचा एवढा तोरा मिरवला होता, ते हे होतं तर. माझे कान तापले. म्हाताऱ्या भैयासाहेबांना कोणी सांगितलंच नव्हतं की ही गोष्ट माझ्यापासून लपवायची आहे. सांगितलं असतं तरी त्यांना समजलं नसतं, कारण त्यांच्या हिशेबी घरच्या बाईला माहीत नसताना घरातून काही बाहेर जाऊच शकत नाही.

त्यांचा हात पानावर थांबला होता. सगळ्यांचे थांबले होते. 'मला काही माहीत नाही' एवढं म्हटलं असतं तर बहिणीच्या सासरी, सणाच्या पानावर, माझाच नवरा खोटा पडला असता. यांनी माझ्याकडे पाहिलं. शाळेत निकालाच्या दिवशी पोरं पाहतात, तसं.

"आभार कसले, भैयासाहेब," मी म्हणाले. "घरचंच आहे. संपलं की सांगावं, हे आणून देतील."

भैयासाहेबांनी घास घेतला. माधवीने माझ्या वाटीत न विचारता बासुंदी ओतली आणि मी ती निमूट प्यायले.

परतीच्या बसमध्ये घाटाबिल्लोद गाव येईपर्यंत मी दम धरला. रस्त्यावर पीथमपूरच्या शिफ्टच्या बसगाड्या दिसू लागल्या तेव्हा राहवेना.

"कधीपासून?"

"श्रावणात कळलं नोकरीचं. माधवीला सांगितलं. ती म्हणाली, करून बघ. आधी मलाही पटत नव्हतं. मग सुटीच्या दिवशी फिरलो. लोक घेतात गं. परत बोलावतात. जमतंय मला."

"मग आजचं ते ओवाळणीचं नाटक कशाला?"

"तुझ्यासाठी," हे म्हणाले. "सणाच्या दिवशी बहिणीने मागितलं तर वहिनी नाही म्हणणार नाहीत, असं तिला वाटलं."

म्हणजे इतकी साखर घोळून, इतकं जपून जे विचारलं गेलं, ते यांना नव्हतंच. मला होतं. मी नणंदेच्या गोडव्यावर संशय घेतला, तिच्या बाटल्यांवर घेतला, तिच्या ओवाळणीवर घेतला, आणि ती बिचारी सगळी मिळून मला सांभाळत होती.

"आणखी कोणाला माहीत होतं?"

"तुला सोडून सगळ्यांना."

"मला श्रावणातच का नाही सांगितलंत?" माझा आवाज चढला. पुढच्या सीटवरचा माणूस वळून बघू लागला.

हे खिडकीबाहेर बघत म्हणाले, "वसुबारसेला सांगितलं तेव्हा तू काय विचारलंस, आठवतंय? श्रावणातही तेच विचारलं असतंस. मी काय केलं, ते मलाच माहीत नव्हतं. काय सांगणार होतो?"

आठवत होतं. पीठसुद्धा आठवत होतं. मला रडू यायला लागलं आणि रडू आलं की मी भांडते, तशी भांडले. "सगळ्या गावाला तेल वाटलंत. माझे गुडघे काय लोखंडाचे आहेत?"

यांनी मांडीवरची डब्याची पिशवी उघडली, तीच, जी हे रोज कारखान्यात नेतात. डब्याखालून एक बाटली काढली. सील तसंच होतं, पण लेबलच्या कडा झिजून पांढऱ्या झाल्या होत्या.

"पहिली तुझ्यासाठीच घेतली होती," हे म्हणाले. "देताना काय सांगायचं, ते सुचेना."

मी बाटली घेतली. विचारायचं अजून पुष्कळ होतं. विचारलं नाही.