तेवीस ग्लास चहा

एका तक्रारीमागे इबू नास्तितींचा काय फायदा होता, ते आधी मांडतो. (बाईला इबू, पुरुषाला बापाक, ही आमच्याकडची मानाची हाक.) मूल्यांकन समिती यायला अडीच महिने उरले होते. समितीच्या यादीत एक कलम होतं: विद्यार्थ्यांच्या अभिप्रायावरून विभागानं काय सुधारलं, ते पुराव्यासह दाखवा. आमच्या पदव्युत्तर विभागाकडे सहा वर्षांचे अभिप्राय होते आणि सगळ्यांत पाचपैकी पाच. अभिप्राय भरल्याशिवाय पोर्टलवर आपले गुण दिसत नाहीत, म्हणून आमची जावाची मुलं पाचाचा आकडा वरपासून खालपर्यंत ओढतात आणि मोकळी होतात. शिवाय गुरूला चार गुण देणं म्हणजे त्याच्यासमोर पाय पसरून बसणं. तेव्हा सुधारायला काही नव्हतं. सुधारणा नाही तर पहिला दर्जा नाही, आणि दर्जा नाही तर विभागप्रमुख नास्तितींना अधिष्ठात्याची खुर्ची नाही.

"सुगेंग," त्या मला म्हणाल्या, "एकोणीस वर्षं कारकुनी करताय इथे. एक प्रामाणिक विद्यार्थी सापडत नाही तुम्हाला?"

"प्रामाणिक सगळेच आहेत, इबू. तुम्हाला बोलणारा हवाय."

"एकच बघा. जास्त नकोत."

बोलणारी एकच होती. युस्तिना वेआ, फ्लोरेस बेटावरच्या बाजावा गावची शाळामास्तरीण. तिची दोन वर्षांची रजा जुलैअखेर संपत होती आणि प्रबंधाचं तिसरं प्रकरण सात महिने तिच्या मार्गदर्शकांच्या, बापाक हार्गितोंच्या, टेबलावर पडून होतं. ते मान्य झाल्याशिवाय शेवटच्या परीक्षेला बसता येत नव्हतं.

हार्गितो विद्वान माणूस. बायको जाऊन चार वर्षं झालेली, मुलगी लग्न होऊन दूर कालिमांतान बेटावर. दर मंगळवारी विद्यार्थी त्यांच्या दाराबाहेरच्या बाकावर बसत. ते एकेकाला आत बोलावत, मोगऱ्याचा गोड चहा पुढे ठेवत, आणि मग तासभर गोष्टी. आपल्या प्रकरणाचा विषय आपण काढायचा नाही, तो वडीलधाऱ्यानं काढायचा, ही आमच्याकडची रीत. बापाक काढत नसत. प्रकरण हातात पडलं की पुढच्या मंगळवारी मूल फिरकत नाही, हा हिशेब त्यांनी केला होता की नाही, देव जाणे. मी केला होता.

युस्तिना दुपारी माझ्या टेबलाशी जेवायची. तिच्या तुकडीतले बाकीचे तिघे आपसात जावाची बोली बोलत. ती आली की इंडोनेशियनवर येत, आणि थोड्या वेळानं गप्पच होत. मी माझ्या पुडीतले तेंपेचे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वडीचे, दोन तळलेले काप तिच्या पुडीत टाकायचो, ती मला तिच्या गावची कडू कॉफी पाजायची. दोन वर्षांत तिला भेटायला कोणी आलं नव्हतं. मलाही एकोणीस वर्षांत कोणी आलं नव्हतं, पण मी इथलाच.

"लिही ना यंदा अभिप्रायात खरं," मी म्हणालो. "नाव नसतं त्यावर."

"चार जणांत नाव कशाला लागतं, बापाक?"

"सगळे मजकूर मीच टाइप करून वर पाठवतो. कोणाचं कोणतं, कळत नाही. माझ्यावर सोड."

"तुमच्यावर? तुम्हाला तेंपे खाताना सदऱ्यावर तेल सांडायचं थांबवता येत नाही."

पण तिनं लिहिलं. 'मार्गदर्शक प्रेमळ आहेत. त्यांच्या गोष्टी फार सुंदर असतात. आतापर्यंत मी तेवीस ग्लास चहा प्यायले. तिसरं प्रकरण मिळालेलं नाही.'

एरवी मी असल्या मजकुरावर इस्त्री फिरवतो. 'मार्गदर्शनास किंचित विलंब होतो' एवढं टाइप केलं असतं तरी काम झालं असतं. पण वाचताना मला हसू आलं. सहा वर्षांच्या पाचांनंतर एक जिवंत वाक्य हाती लागलं होतं, ते मारवेना. जसंच्या तसं उतरवलं.

इबूंनी ते विभागाच्या बैठकीत मोठ्यानं वाचलं. दोघातिघांनी माना खाली घातल्या. बाकीचे विद्यार्थी आठवडाआड यायचे. सुट्ट्या वगळता मंगळवार न चुकवणारी एकटीच होती, त्यामुळे तेवीस ग्लास कोणाचे ते उघड होतं. हार्गितो हसले. "मोजत होती म्हणजे," ते सावकाश म्हणाले, "तिला गोड चहा आवडत नसावा. मी कधी विचारलंच नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांचं पत्र आलं. आपण संथ आहोत, या हुशार मुलीला चपळ मार्गदर्शक मिळावा, ही विनंती. इतकं सभ्य पत्र, की त्याला नाही म्हणायची सोय नव्हती. नव्या मार्गदर्शकबाई परदेशातून शिकून आलेल्या. त्यांनी युस्तिनाला आधी पहिलं प्रकरण नव्यानं लिहायला सांगितलं.

आणि विभागानं नियम केला: कोणतंही प्रकरण चौदा दिवसांत शेऱ्यांसह परत. लागू सप्टेंबरपासून, नव्या तुकडीला.

युस्तिना माझ्या टेबलाशी आली. "जसंच्या तसं टाइप केलंत?"

"हो."

"एक शब्दही नाही बदलला?"

"चांगलं लिहिलं होतंस."

"हां," ती म्हणाली. "पहिल्यांदाच कोणी माझं काही वेळेत वाचलं." त्या दिवसापासून ती खोलीवर जेवू लागली.

जुलैअखेर तिची दोन प्रकरणं झाली होती. शाळेनं रजा वाढवली नाही. विभाग सोडण्याचा दाखला हवा असेल तर शेवटचा अभिप्राय भरावा लागतो. तो मीच उघडला. वरपासून खालपर्यंत पाच. मजकुराची चौकट रिकामी. दोन वर्षांत ती आमच्यातली झाली होती, तेही निघायच्या दिवशी.

तर शेवटचा जमाखर्च असा. विभागाला पहिला दर्जा मिळाला, समितीनं चहाचं वाक्य आपल्या अहवालात उतरवून घेतलं. इबू नास्तितींना खुर्ची मिळाली. सप्टेंबरच्या अकरा मुलांची प्रकरणं चौदाव्या दिवशी परत येतात. ती दारातूनच उचलतात आणि जातात. बापाक हार्गितो मंगळवारी दोन ग्लास भरतात आणि दोन्ही स्वतः पितात. माझी दुपारची कॉफी गेली. आणि युस्तिना वेआ बाजावात पाचवीच्या वर्गाला शिकवते, पदवीशिवाय. बाकी सगळ्यांनी थोडंथोडं भरलं. पुरतं भरलं ते तिनं.