स्टिअरिंगवर बसणारं माणूस

गजेंद्रचा टेम्पो महिन्याभरात दुसऱ्यांदा माझ्या दारात येऊन उभा राहिला, तेव्हाच माझं डोकं तडकलं. सुरतेच्या पांडेसऱ्यात पुढच्या अ‍ॅक्सलचं काम निघालं की लोक लक्ष्मण मिस्त्रीचं नाव घेतात, आणि तो लक्ष्मण मिस्त्री म्हणजे मी. माझ्या हातची गाडी परत येत नाही, असं चारचौघांत इतक्यांदा बोललोय की आता तो शब्द गिळताही येईना.

तक्रार तीच होती. चाळीसच्या पुढे गेलं आणि पुढचं चाक खड्ड्यात आदळलं, की स्टिअरिंग हुडहुडी भरल्यासारखं मारायला लागतं. घट्ट धरलं तर खांद्यापर्यंत हिसके बसतात. गाडी पार थांबायला येईपर्यंत ते सुटत नाही. गजेंद्रने चाकं बॅलन्स करून आणली होती, टायरही बदलले होते. उद्या सकाळी त्याला गल्लीतली बावीस माणसं घेऊन आखाजीच्या सणाला धुळ्याकडे निघायचं होतं. त्यात लेकीबाळी, म्हातारे, सगळेच. संध्याकाळी गाडी न्यायला येतो म्हणाला आणि सामान आणायला बाजारात गेला. वाटेत कोंडाईबारीचा घाट लागतो.

गाडी जॅकवर घेतली. चाक वर-खाली धरून हलवलं, किंगपिन ठीक. बेअरिंग ठीक. दोन्ही चाकांना जोडणारा टायरॉड हाताने ओढून पाहिला, तोही घट्ट. मागच्या वेळी असंच झालं होतं. तेव्हा मी स्टिअरिंग बॉक्सचा स्क्रू जरा आवळला आणि झालं काम म्हणून गाडी सोडून दिली.

खरं काय ते मला ठाऊक होतं. चाक हवेत असलं की त्याच्यावर ओझं नसतं, मग झिजलेला सांधाही शहाण्यासारखा गप्प बसतो. गाडी जमिनीवर उभी हवी, वर बसून कुणीतरी स्टिअरिंग सारखं डावं-उजवं हलवायला हवं, आणि दुसऱ्याने खाली झोपून बघायला हवं की कुठला सांधा उडी मारतो. हे एकट्या माणसाचं काम नव्हेच.

अठरा वर्षं वर सुभद्रा बसायची, माझी बायको. पदर खोचून कॅबिनमध्ये चढायची, हलवत राहायची आणि थोड्या वेळाने विचारायची, "आखो?" अजून हलवू का, एवढंच. मी खालून म्हणायचो, "आखो." मिस्त्रीने बायकोला डायव्हर केलं म्हणून गल्ली हसायची. प्लेगच्या साली अर्धं सुरत पळालं, तेव्हा आम्ही दोघं पळणाऱ्यांच्या गाड्या दुरुस्त करत इथेच राहिलो. तिला काही झालं नाही. पुढच्या दिवाळीत साध्या तापाने गेली.

तेव्हापासून मी सगळं जॅकवरच तपासतो. कुणाला वर बस म्हणणं माझ्याच्याने होत नाही, ती जागा तिची आहे. मागच्या महिन्यात गजेंद्र बसतो म्हणाला होता. मला कुणाची गरज नाही म्हणून मीच त्याला चहाच्या गाडीकडे पिटाळलं. माझ्या हट्टापायी बावीस माणसं घाटात मरायची, असा विचार आला आणि मी गाडी जॅकवरून खाली घेतली.

माणूस शोधायला बाहेर आलो तर गल्लीत चिटपाखरू नाही. काहीजण सकाळच्या गाडीने गावी गेलेले, बाकीचे बाजारात. समोरच्या ओट्यावर फक्त मंगलाबाई साड्यांचे धागे कापत बसली होती. विधवा बाई, शिरपूरकडची. आखाजीला जात नाही का, असं मी विचारलं. माहेरी आता कुणी राहिलं नाही म्हणाली, आणि कात्री चालूच ठेवली.

मी जमिनीकडे बघत म्हणालो, टेम्पोत बसून जरा स्टिअरिंग हलवायचं आहे.

"सुभद्राबाई बसे तशीच ना?" तिने विचारलं. मग मांडीवरचे धागे झटकले आणि कॅबिनमध्ये चढली.

मी खाली झोपलो. सुभद्रा हलवायला लागली की बांगड्या वाजायच्या. हिच्या हातात बांगड्या नव्हत्या, नुसतं स्टिअरिंग कुरकुरत होतं. चौथ्या-पाचव्या फेरीलाच मला दिसलं. डाव्या टायरॉडचा बॉल. वरची रबराची टोपी धडधाकट, आतला बॉल मात्र पार झिजलेला, प्रत्येक हिसक्याला गव्हाच्या दाण्याएवढा उचलून परत बसत होता. नवा बॉल फळीवर पडलेला होता, तासाभराचं काम. बावीस माणसं उद्या घाट सुखरूप ओलांडणार होती. मला रडू आलं, आणि गाडीखाली ते कुणाला दिसण्यासारखं नव्हतं.

वरून मंगलाबाईने विचारलं, "आखो?"

काम झालं होतं. तिला उतरा म्हणायचं, पाना घ्यायचा, एवढंच उरलं होतं.

"आखो," मी म्हणालो.