दाबून भरलेलं मीठ

चंदना चौगुल्यांच्या पुरणपोळीला पेठ वडगावात तोड नव्हती. हे तिनं स्वतः कधी सांगितलं नाही, वडगावच सांगायचं. जैन बस्तीत पूजा असो की कुणाचं डोहाळजेवण, पुरणाला चंदनाचा हात लागल्याशिवाय गावाला चैन पडायचं नाही. काठापर्यंत भरलेली पोळी, आणि पुरण असं मऊ की दात पडलेल्या म्हाताऱ्याही दुसरी मागून घ्यायच्या.

मग तिचे यजमान जिनपाल यांनी कोल्हापुरात मोरेवाडीच्या बाजूला बंगला बांधला, आणि त्या बंगल्यानं चंदनाचं नाव पार मातीत घातलं. नव्या कॉलनीत सरकारी नळ आला नव्हता. होतं ते बोअरचं पाणी, आणि ते पाणी कसलं, पातळ केलेला दगडच. साबणाला फेस येईना, बादल्यांना पांढरे थर चढले, आणि हरभऱ्याची डाळ शिट्ट्यांवर शिट्ट्या होऊनही दाताखाली कचकचायची. २००४ सालच्या होळीला पुरण वाटता वाटता चंदनाच्या डोळ्यांत पाणी आलं. पोळ्या जागोजाग फाटल्या. जिनपालची थोरली बहीण शालूबाई त्या दिवशी जेवायला होती. ती शाहूपुरीत राहायची, नळाच्या पाण्यावर. तिनं अर्धी पोळी ताटात तशीच ठेवली आणि सगळ्यांदेखत म्हणाली,

"चंदना, तुझा हात वडगावातच ऱ्हायला बघ."

शालूबाई बोलायला फटकळ पण मनानं चांगली, असं घरात म्हणायची पद्धत होती. चंदनाला त्या वेळी ती पद्धत काही आठवली नाही. ते वाक्य तिच्या काळजात रुतून बसलं.

तिचा लेक अभिनंदन पुण्यात नोकरीला होता. आईचं तोंड उतरलेलं त्याला बघवेना. मे महिन्यात त्यानं पाणी मऊ करायचं मशीन आणून परसात बसवलं. एक उंच नळकांडं आणि शेजारी मिठाचा निळा ड्रम. ड्रमच्या तळाशी पाणी असतं, वर खडेमीठ घालायचं, मीठ विरघळतं आणि ते खारं पाणी पिऊन मशीन स्वतःचं पोट धुऊन घेतं, असं त्यानं आईला तिच्या भाषेत समजावून सांगितलं. मीठ खाली गेलं की भरायचं, एवढंच काम. पहिल्यांदा ड्रम त्यानंच भरून दिला.

मशीन चालतंय की नाही हे ओळखायला चंदनाला तेवढ्याही शिक्षणाची गरज नव्हती. जैनाघरी पाणी गाळल्याशिवाय घेत नाहीत, त्यामुळं स्वयंपाकघरातल्या नळाला कायम स्वच्छ फडकं बांधलेलं. बोअरच्या पाण्यात ते फडकं वाळलं की पापडासारखं ताठ उभं राहायचं. मशीन आलं आणि फडकं मऊ वाळायला लागलं. आषाढात बैलांच्या सणाला, बेंदराला तिनं पोळ्या केल्या त्या थेट वडगावच्या. पण शालूबाईचे गुडघे नेमके त्याच दिवशी दुखत होते, ती आलीच नाही. ज्याच्यासाठी केला अट्टाहास तोच पाहुणा गैरहजर.

पर्युषणाच्या सुमारास ड्रममधलं मीठ तळाला गेलं. अभिनंदनला यायला जमेना, तेव्हा चंदनानं पदर खोचला. मीठ भरणं तिला कुणी शिकवायला नको होतं. लोणच्याच्या बरण्या भरण्यात तिची अर्धी हयात गेली होती. सासूनं घालून दिलेला नियम एकच: बरणीत हवा राहिली की लोणचं गेलं. तिनं हात धुऊन कोरडे केले, मिठाचा थर घातला, मुठीनं दाबला, वर दुसरा थर, पुन्हा दाबला. काठाशी आल्यावर वाटीच्या बुडानं वरून गुळगुळीत केलं, पांढरं फडकं बांधलं आणि झाकण लावलं. बाहेर पाऊस, हवा दमट. मिठाला पाणी सुटत होतं आणि ते पुन्हा घट्ट बसत होतं. चंदना मात्र खुशीत होती.

महिना झाला तरी मीठ तसूभर खाली गेलं नाही. शेजारच्या बंगल्यातली सून अक्षता हिच्याकडंही तसलंच मशीन होतं, आणि ते सारखं पोतं मागतंय म्हणून ती कुरकुरायची. चंदना तिला कौतुकानं ड्रम उघडून दाखवायची आणि सांगायची की आमचं मशीन बाई भारी मिताहारी, अगदी आमच्या धर्माला शोभेल असं. अक्षता बिचारी ओशाळून घरी जायची.

दसरा झाला आणि चंदनाच्या लेकीचं, आदितीचं लग्न सांगलीच्या शेटे मंडळींकडं ठरलं. रविवारी मुलाकडचे दुपारच्या जेवणाला यायचे होते. मुलाची आजी तानाबाई हिनं आधीच निरोप धाडला: फार घाट घालू नका, पण वडगावच्या पूजेत एकदा खाल्लेली ती पुरणाची पोळी मात्र करा. निरोप ऐकून चंदनाला आभाळ ठेंगणं झालं.

आणि शुक्रवारी सकाळी नळाचं फडकं ताठ वाळलेलं निघालं.

तिनं ते हातात घेऊन मोडलं, तर कड्कन आवाज झाला. मूठभर डाळ शिजवून बघितली, ती खड्यासारखी. अभिनंदनला फोन लावला. त्यानं पहिला प्रश्न मिठाचाच विचारला. मीठ काठोकाठ आहे, असं चंदनानं छातीठोकपणे सांगितलं. मग मशीनच्या आतलाच माल गेला असणार, पुढच्या आठवड्यात येऊन बघतो, म्हणाला. जिनपाल हा घाबरट पण व्यवहारी माणूस. त्यानं लगेच बहिणीला फोन केला, आणि शालूबाईनं शाहूपुरीतल्या बाळाबाईकडून तयार पुरण करवून आणायचं कबूल केलं. ही बाळाबाई पोळ्यांच्या ऑर्डरी घ्यायची. हे सगळं चंदनाला न विचारता झालं. आपल्या लेकीच्या सासरच्यांना आपल्या ताटात परक्या हातची पोळी वाढायची, या विचारानं तिला जेवण गेलं नाही.

शनिवारी सकाळी ती परसात जाऊन ड्रमपुढं उभी राहिली. झाकण काढलं. मीठ तसंच, पांढरंशुभ्र, भरलं त्या दिवसासारखंच गुळगुळीत. कुंपणापलीकडं अक्षता नव्या पोत्याचं तोंड सोडत होती आणि आपल्या मशीनच्या भुकेला नावं ठेवत होती. ते ऐकताना चंदनाच्या मनात काहीतरी हललं. तिच्या सासरी एक म्हैस होती. ती जेवायची बंद झाली तेव्हा सासूनं काटकसर झाली म्हणून पेढे वाटले नव्हते, ढोरांच्या डॉक्टरला बोलावलं होतं.

महिनाभर मीठ खाल्लं नाही, तर मशीननं प्यायलं काय?

तिनं ड्रमवर बोटांनी टिचक्या मारल्या. वर भद्द वाजलं. खाली सरकत गेली तसं पोकळ, रिकाम्या घागरीसारखं. ती धावत जाऊन जळमटं काढायची काठी घेऊन आली. काठी मिठात रोवली, तर ती जागची हलेना. मग दोन्ही हातांनी धरून, सगळा भार टाकून तिनं ती खाली रेटली. मोठा आवाज झाला, वितीएवढा जाड मिठाचा थर मधोमध फुटला आणि ढेकळं धबाधब खालच्या पाण्यात कोसळली. पाणी तिच्या तोंडावर उडालं. तिनं ओठांवरून जीभ फिरवली. ते पाणी आजाऱ्याच्या पेजेसारखं अळणी होतं.

आवाज ऐकून जिनपाल पळत बाहेर आला. बायको काठी हातात घेऊन, ओल्या तोंडानं, मोठमोठ्यानं हसत होती.

"अवो, मशीन धडधाकट हाय," ती म्हणाली. "म्याच त्याला उपाशी ठेवलं. मीठ लोणच्यागत दाबलं, ते वरच्या वर छत धरून बसलं आनि खाली पाण्यात उतरलंच न्हाय. आडातच न्हाय तर पोहऱ्यात कुठनं येनार?"

जिनपाल म्हणाला की तरी अक्काचं पुरण येऊ दे, हाताशी असलेलं बरं. चंदना नको म्हणाली नाही. तिला आता वाद घालायला वेळ नव्हता. तिनं कडेचं मीठ काठीनं सोडवलं, ढेकळं फोडली, आणि दुपारपर्यंत ते नीट विरघळू दिलं. मग अभिनंदनला फोनवर धरून, तो सांगेल तशी मशीनची कळ हातानं फिरवली. मशीननं घोट घेतल्यासारखा आवाज केला आणि ड्रममधलं पाणी हळूहळू खाली जायला लागलं. चंदना पाटावर बसून ते बघत होती, आजारी पोरानं पेला तोंडाला लावावा आणि आईनं बघत राहावं तशी. दिवस मावळायच्या आत तिनं नळाखाली हात धरून साबण चोळला. दोन्ही तळवे फेसानं भरले. तिनं ते तसेच जिनपालच्या नाकासमोर नेऊन धरले.

रविवारी सकाळी डाळ शिजली. चंदनानं एक दाणा चिमटीत धरला, तर लोण्यागत पसरला. त्यानंतर तिनं कुणाकडं बघितलं नाही. गूळ पडला, पुरण आटलं, वाटलं गेलं. घरभर वेलदोड्याचा वास सुटला.

शालूबाई आली ती बाळाबाईच्या पुरणाचा मोठा स्टीलचा डबा घेऊनच. स्वयंपाकघरात सगळं तयार बघून ती थबकली. चंदनानं डबा तिच्या हातातून आदरानं घेतला, फडताळात ठेवला आणि वन्सं, टेका जरा, एवढंच म्हणाली.

पंगत बसली. तानाबाईच्या ताटात पोळी पडली, वर तुपाची धार. म्हातारीनं काठाचाच तुकडा मोडला, कारण काठ खोटं बोलत नाही हे तिला ठाऊक होतं. काठातही पुरण होतं. ती सावकाश चावत राहिली आणि सगळं घर तिच्या तोंडाकडं बघत राहिलं.

"हीच ती," तानाबाई म्हणाली. "एवढी वर्सं तोंडात हाय माज्या."

आणि तिनं दुसरी मागितली. शालूबाई खाली मान घालून जेवत होती. तिनंही दुसरी घेतली, आणि मग कुणी आग्रह न करता तिसरीतली अर्धी.

निघताना तानाबाईनं घरच्या माणसांसाठी पोळ्या मागितल्या. घरातला एक डबा मोकळा सापडेना. जिनपाल इकडंतिकडं धावायला लागला. तेव्हा शालूबाई गुडघे धरत उठली, स्वयंपाकघरात गेली, फडताळातला आपला डबा काढला आणि बाळाबाईचं पुरण सगळं एका पातेल्यात ओतलं. डबा तिनं स्वतः नळाखाली धरला आणि साबण लावला. फेस आला तो जाता जाईना. ती क्षणभर त्या पाण्याकडं बघत राहिली. मग डबा पदरानं पुसून तिनं भावजयीपुढं केला.

"भर ह्यात," ती म्हणाली. सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली. "हात बरोबर आनलाईस की गं, चंदना."

चंदनानं डबा घेतला. तिनं पोळ्या एकावर एक हलक्या हातानं ठेवत डबा काठोकाठ भरला, आणि दाबला मात्र नाही.