गोळी पाण्यासंगं

नर्सच्या नोकरीत बाकीच्यांचे पाय आधी थकतात, माझं तोंड आधी थकलं. माकणीच्या अलीकडची-पलीकडची पाच गावं माझ्याकडं होती आणि चौदा वर्षं मी एकच सांगत हिंडत होते: खोकला थांबला म्हणजे टीबी गेला असं नसतं, गोळी दीड वर्ष घ्यायची, मधे सोडायची नाही. त्यावर प्रत्येक गावात एकच उत्तर मिळायचं. "अयोध्याबाई, इंग्रजी औषध लई गरम. झाडपाल्यानं काय अपाय हुतोय?" सुरुवातीला मी भांडायचे. धोतरासुद्धा झाडपालाच आहे, खाता का चार बिया, असं तोंडावर विचारायचे. लोक हसायचे, गोळ्या घ्यायचे आणि फळीवर ठेवून द्यायचे. पुढं पुढं मी भांडण सोडलं. मान हलवायची आणि पुढच्या घराला लागायचं.

महांतप्पाच्या घरी मात्र मी निर्धास्त असायचे. जमीन थोडी, माणूस मऊ. घरात बायको शिवम्मा आणि एक म्हैस. दोन्ही मुली आळंदकडं दिलेल्या. पंच्याऐंशीच्या दिवाळीत त्याच्या थुंकीत रक्त दिसलं. दोन महिने सुया झाल्या, गोळ्या सुरू झाल्या आणि माणूस अंग धरू लागला. मी दारात दिसले की शिवम्मा घोंगडं अंथरायची, चहा टाकायची. अशी बायको असल्यावर गोळ्यांची काळजी कशाला करायची, असं मला वाटायचं.

त्या वर्षी पाऊस नव्हता. निम्म्या म्हशी आटल्या होत्या, आणि उरल्यांचं दूध दिवस उगवायच्या आत डेअरीच्या कॅनमध्ये जात होतं. सोसायटी निघाल्यापासून गावात दूध होतं ते कॅनमध्येच. शिवम्माकडचा चहा फाल्गुनापासून कोरा झाला. मी तो उभ्या उभ्या प्यायचे, तिच्या हातात महिन्याच्या गोळ्या ठेवायचे, "चाललंय ना नीट?" विचारायचे आणि ती "व्हय" म्हणाली की निघायचे. आत जाऊन महांतप्पाला बघायचं राहून जायचं. बहुतेक तो शेताकडं गेलेला असायचा.

आषाढात तो घरी सापडला. घोंगड्यावर पडलेला, गळ्याची हाडं वर आलेली. खोकला फारसा नव्हता, पण श्वास घेताना बरगड्या मोजता येत होत्या.

"अक्का, हे काय? गोळ्या देताय ना?"

शिवम्मा आत गेली आणि पत्र्याचा डबा घेऊन आली. झाकण काढून तिनं तो माझ्यापुढं धरला. डबा गोळ्यांनी भरला होता.

"एक बी वाया घातली न्हाय बाई. समद्या हायत. म्हस याली की लगीच सुरू करते."

"म्हशीचा काय संबंध?"

"गोळी गरम असतीया. दुधाबिगर दिली तर आतडं जळतंय. फागणात म्हस आटली, तवापसनं बंद हाय. नागप्पा वैदूचा अडुळशाचा काढा देतीया. त्यो थंड. खोकला बसला की त्यानं!"

माझा तोल गेला. "काढ्यानं खोकला बसतो अक्का, जंतू मरत न्हाईत. ते आतून पोखरायलेत. आन मला का सांगितलं न्हाय तुमी?"

"सांगितलं असतं तर गोळ्या द्यायच्या बंद केल्या असत्या तुमी. मग म्हस याल्यावर काय देऊ?"

"दुधाबिगर द्यायची न्हाय म्हणून सांगितलं कुणी? त्या नागप्पानं?"

"त्यो कशाला सांगतोय? त्यो तर म्हणतोय, काढा घ्या, पर गोळी सोडू नगा." तिनं डबा मांडीवर ठेवला. "तुमीच सांगितलं की ओ."

मला ती दुपार आठवली. गोळ्या सुरू केल्या तो दिवस. सकाळपासून सतरा घरं झाली होती, अजून पाच राहिली होती आणि माकणीची एसटी गाठायची होती. शिवम्मानं विचारलं होतं, "गोळी गरम पडती म्हणत्यात. दुधासंगं देऊ का?" खरं उत्तर द्यायला पाव तास लागला असता. मी म्हणाले होते, "व्हय अक्का, दुधासंगंच द्या." घरात म्हैस आहे, घोटभर दूध पोटात गेलं तर बरंच, असं मनाला समजावून मी पिशवी उचलली होती. दूध संपल्यावर ही बाई काय करील, हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं.

"अक्का, ते मी चुकीचं सांगितलं. गोळी पाण्यासंगं चालती. पयल्यापसनंच चालत हुती."

"मग तवा का म्हणलात?"

एक-दोन थापा सुचल्या. त्या मारायचंही त्राण नव्हतं.

"दमले हुते."

तिनं शिव्या दिल्या असत्या तर मी सोसल्या असत्या. घोंगड्यावरून महांतप्पाच म्हणाला, "पाणी दे." आणि त्यानं माझ्यादेखत गोळी गिळली.

दुसऱ्या दिवशी मी त्याला जिल्ह्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, फार उशीर झाला, आणि मधेच सोडल्यानं जंतूही आता गोळीला दाद देईनात. एकोणिसाव्या दिवशी तो गेला.

गावानं आपला निकाल लावला. गोळी नुसत्या पाण्यासंगं दिली, उष्णता चढली, नर्सनं माणूस मारला. यातलं अर्धं खरं होतं, म्हणून मला भांडता येईना. तीन घरांनी गोळ्या दारातूनच परत केल्या. त्यातलं एक घर हरणाबाईचं. तिचा नवरा तेव्हा कुठं सुधारत होता. मी बदलीचा अर्ज लिहिला आणि तो पिशवीत घेऊनच हिंडत राहिले. महांतप्पा गेल्यावर महिन्यानं त्याची म्हैस व्याली.

कार्तिकात शिवम्माला खोकला लागला. थुंकीत जंतू सापडले. सुया झाल्या आणि गोळ्या घेऊन मी तिच्या दारात उभी राहिले. ती दुधाची चरवी घेऊन डेअरीकडं निघाली होती. समोर टँकरची वाट बघत बायका घागरी मांडून बसल्या होत्या.

"थांबा हितंच," ती म्हणाली.

परत आली तेव्हा चरवी रिकामी होती. तांब्या घेऊन ती बाहेरच्या पायरीवर बसली आणि माझ्यापुढं हात पसरला. मी गोळी ठेवली.

त्यांतल्या हरणाबाईला राहवलं नाही. "अगं शिवम्मे, घोटभर दूध तरी ठिवायचं हुतंस!"

शिवम्मानं गोळी पाण्याबरोबर गिळली आणि तोंड उघडून सगळ्यांना दाखवलं. "म्हस याली, दूध हाय. तरी बी पाण्यासंगं घेतली. आता रोज हितंच बसून घेनार हाय. दीड वरीस. बगा समद्यांनी."

मग ती माझ्याकडं वळली. "आन बाई, दमला असाल तर बसत जावा. च्या पीत जावा. पर सांगायचं ते खरं सांगा."

मी तिच्याशेजारी पायरीवर बसले. समोर हरणाबाई घागर तिथंच सोडून उठली, दोन पावलं पुढं आली आणि हळूच म्हणाली, "बाई, गोळी खरंच गरम नसती का ओ?"

त्या दिवशीही पाच घरं राहिली होती आणि एसटी गाठायची होती. मी पिशवी खाली ठेवली आणि तिला पाव तास सांगत बसले.