फुलीचं घर

घड्याळं दुरुस्त करण्यात हयात घालवलेल्या, एकट्या राहणाऱ्या आजोबांच्या घरी दर आठवड्याला डासांच्या अळ्या सापडाव्यात, हे आरोग्यसेविका बाईंच्या पचनी पडत नव्हतं. माणूस इतका टापटिपीचा की चपलासुद्धा ओळीत. आणि टॉर्च मारावा तर कधी फ्रिजमागच्या ट्रेत, कधी कुंडीखालच्या ताटलीत अळ्या मजेत वळवळतायत.

नियम साधा होता. घर स्वच्छ निघालं की दारावर खडूने बरोबरची खूण, पुढची फेरी महिन्याने. अळ्या निघाल्या की फुली, आणि बाई आठवड्याने पुन्हा हजर.

आज बाथरूमच्या कोपऱ्यात बादली होती. उघडी, अर्धी भरलेली, आत अळ्यांची शाळा भरलेली.

"आजोबा, ही मी पालथी घालून गेले होते."

"झाली असेल सुलटी."

"बादली काय झोपेत कूस बदलते?"

आजोबा टॉवेलची घडी मोडून पुन्हा घालत बसले. मग हळूच म्हणाले, "बरोबरची खूण झाली की तू महिनाभर फिरकत नाहीस, पोरी."

बाईंच्या डोक्यात तिडीकच गेली. "खालच्या मजल्यावरची छोटी दवाखान्यात आहे. डेंग्यू निघालाय तिला."

आजोबांनी टॉवेल बाजूला ठेवला. "माझ्यामुळे?"

हो म्हणायला बाईंची जीभ रेटेना, नाही म्हणणं खोटं झालं असतं. "डास पत्ता सांगून चावत नाही, आजोबा. पोरगी आज थोडं जेवली, एवढं मला ठाऊक आहे."

आजोबा उठले. बाईंना हातही लावू न देता त्यांनी बादली ओतली आणि काठाला चिकटलेली अंडी जावीत म्हणून आतून खसाखसा घासली. बाईंनी घरभर टॉर्च फिरवला आणि आठवड्याने यायची फुली दारावर केली.

"पुढच्या खेपेला काही सापडणार नाही," आजोबा मान खाली घालून म्हणाले. "मग तू महिन्यानेच येशील."

"महिन्याने येईन ती आरोग्यखात्याची बाई म्हणून. सुटीच्या दिवशी अशीच येत जाईन. माझ्यासाठी अळ्या पाळायची गरज नाही, मला चहा चालतो."

आजोबा हसले नाहीत. "छोटी घरी आली की सांगशील मला? तिच्या आईची माफी मागायचीय. एकट्याने जिना उतरवणार नाही."

"दोघं जाऊ," बाई म्हणाल्या.